तांदळातली वाटी

मामाजी, सापडली.

फणसाच्या लाकडाची शेवटची वाटी. फुटली म्हणून तुम्ही आम्हा सगळ्यांना तोंडावर सांगितलं होतं ना, तीच. अख्खी आहे. कुठे सापडली ते तुम्हाला सांगायला नको, ठेवणारे तुम्हीच. पण तुम्ही गेल्यावर इथे काय काय झालं ते कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं, आणि या घरात माझ्याइतकं बोलणारं दुसरं आहे कोण? तुमचा मुलगा प्रशांत सिलतऱ्याहून ड्युटी करून येतो आणि जेवून झोपतो. तुमच्या नातीला, मितालीला, मराठी समजतं पण ती बोलते हिंदी. आई तर तुम्हाला माहीतच आहेत. म्हणून सुनेनंच बोलायचं.

तुमच्या पुण्यानुमोदनाचा आदला दिवस होता. नागपूर-भंडाऱ्याकडून पाहुणे आले होते, अंगणात सतरंज्या पडल्या होत्या, रात्रीच्या जेवणासाठी तांदूळ काढायचा होता. आता आपल्या घरात तांदूळ आईंशिवाय कुणी काढत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून भाजी माझी, पोळ्या माझ्या, गॅसचा नंबर लावणं माझं, पण त्या पत्र्याच्या उंच डब्याचं झाकण आईंचं. त्या दिवशी मात्र आई बाहेर बायकांमध्ये बसल्या होत्या. त्यांना तिथून उठवायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मीच झाकण काढलं. तांदूळ बराच खाली गेला होता. मी वाकून हात घातला आणि कोपराच्या वर गेल्यावर बोटांना काहीतरी गोल लागलं. जाड, खरबरीत आणि इतकं ओळखीचं की मी ओरडलेच.

सगळे धावत आले. त्यांना वाटलं, साप निघाला.

मी तांदळानं माखलेल्या हातात वाटी धरून उभी. मिताली म्हणाली, "ये तो दादाजी वाली है. छुपाया था क्या?" आणि प्रशांत हसला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसला, डोळे पुसत पुसत. मी तर नाचायचीच बाकी होते. तेवढ्यात मागून आई आल्या आणि दारातच थांबल्या.

"ठेव तिथंच," त्या म्हणाल्या.

"आई, ही आपल्या फणसाची..."

"मले मालूम आहे कायची होय ते. ठेव म्हटलं ना."

पाहुण्यांसमोर काय बोलणार? मी वाटी परत तांदळात ढकलली. पण डोक्यात एकच चाललं होतं, आईंना मालूम कसं?

ते सांगते. पण आधी मला थोडं मागे जाऊ द्या, कारण तुम्ही गेल्यापासून मी सारखी मागेच जाऊन येते आहे. तुमचं-माझं जुळलं ते इथे रायपूरच्या सदर बाजारात. मी नवीन होते. सासऱ्यांना मामाजी म्हणायचं आणि पदर सांभाळून खाली बघायचं, एवढंच माहेरून शिकवून पाठवलं होतं. माझ्या कानातल्याची फिरकी तुटली होती, ती करून आणायला आई म्हणाल्या, "मामाजीसोबत जाय, त्याईले तिकडच काम आहे." तुमचं काम म्हणजे लाकडाची टाल, आपल्याकडे वखार म्हणतात ती. कानातलं मिळालं आणि परत येताना स्कूटरवर पुढे तुमच्या पायांत बाभळीचा एक ओबडधोबड ओंडका, मागे मी. ऐन बाजारात कुणीतरी आडवं आलं, तुम्ही ब्रेक मारला आणि ओंडका घरंगळून रस्त्याच्या मधोमध.

मागे हॉर्नवर हॉर्न. मी लाजेनं अर्धमेली. आणि तुम्ही? ओंडका उचलायचा सोडून माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतलीत, ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर पाणी ओतलंत आणि म्हणालात, "पाह्य न, पाह्य. गुलाबी आहे का नाही?"

होता. त्या मळकट सालीच्या आत, भर रस्त्यात, ओला होताच असा गुलाबी रंग उमटला की मी पदर विसरून खाली बसले. एक सराफ दुकानाच्या पायरीवर येऊन विचारत होता, "चाचा, सोना गिर गया क्या?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "सोना तो तुम्हारे पास है भैया. ये उससे बढ़िया है." लोक हसले, शिव्याही दिल्या, शेवटी दोघांनी ओंडका उचलून स्कूटरवर ठेवला. घरी आल्यावर तुम्ही आईंना सांगितलंत, "सून कामाची आहे." त्या दिवसापासून मी तुमची हेल्पर.

उभा जन्म तुम्ही वॅगनच्या कारखान्यात लोखंड कातलंत. रिटायर झाल्यावर लोक तीर्थाटन करतात, चौकात बसतात. तुम्ही मागच्या व्हरांड्यात पिठाच्या चक्कीची जुनी मोटर बसवून लाकडाची लेथ उभी केलीत. म्हणे, "लोखंडाचा रंग एकच. जन्मभर तोच पाहिला. आता जरा दुसरं पाहतो." आणि काय काय पाहिलं आपण मामाजी. शिसमाच्या पोटातल्या जांभळ्या रेघा, चिंचेच्या गाभ्यातला काळसर डाग, बाभळीचा तो गुलाबी. सगळ्या वाट्या ओंजळीत मावतील एवढ्याच. मोठं काही कधी केलंच नाहीत. आई विचारायच्या, "ह्या एवढुशा वाट्याइचा उपयोग काय?" तुम्ही म्हणायचात, "पाहाले आहे ना."

मी ऑफिसातून यायची, पर्स खाटेवर टाकायची आणि थेट व्हरांड्यात. "आज काय निघालं?" हा माझा पहिला प्रश्न असायचा. ओंडका फिरायला लागला की आत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं, तुम्हालाही नसायचं, आणि पहिली साल उडून रंग दिसायचा त्या क्षणी आपण दोघं शेजारी बसलेल्या पोरांसारखे एकमेकांकडे बघायचो. डाळीत कीस सापडायचा, केसांत भुसा. आई ओरडायच्या. मला माझ्या वडिलांनी सायकल शिकवली नाही, पडशील म्हणाले. तुम्ही माझ्या हातात गोल पटाशी दिलीत आणि फक्त एवढं म्हणालात, "डोळ्यानं नको पाहू, कानानं पाह्य." लाकूड वाकडं असेपर्यंत पटाशीला टक-टक लागतं, गोल झालं की आवाज सलग होतो. हे तुम्ही शिकवलंत. याचे आभार मी कधी मानले नाहीत. सासऱ्यांचे आभार कसे मानायचे ते माहेरून शिकवलं नव्हतं.

भांडण मात्र भरपूर केलं, आणि ते भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात हे मला अजिबात आवडलेलं नाही.

ओलं लाकूड कातलं की वाळताना ते आपल्या मनानं वाकतं, वाटी लांबट होते. तुमची रीत अशी की आधी जाड कातायची, महिनोन्‌महिने सुकू द्यायची, वाकायचं तेवढं वाकू द्यायचं आणि मग पुन्हा लेथवर चढवून गोल करायची. मी एकदा ओल्या शिसमाची वाटी एका दमात पातळ करून टाकली. ती सुकली तशी एका बाजूनं उचलली गेली, हाताचा पसा करावा तशी. मी इतकी खूश. तुम्ही कपाटातून तुमचा कारखान्याच्या दिवसांतला डायल काढलात, तोच, ज्याची सुई केसभर फरकही सांगते. तो लाकडाच्या वाटीला लावलात. सुई वेड्यासारखी फिरली.

"हे वाटी होय का कानाची पाळी?"

"मामाजी, गोल तर स्टीलची पण असते. दुकानात मिळते."

"गोल म्हंजे गोल. आपल्या मनानं वाकलं ते काम नोहे, ते लाकडाची मर्जी होय."

"मर्जीच तर बघायची ना."

"मंग लेथ काहून पायजे? झाडाखाली बसून पाह्य."

किती वर्षं चाललं हे. चहा घेताना, टालेवर ओंडके उलटेपालटे करताना. तुम्ही केलेली वाटीसुद्धा महिन्याभरानं डायल लावून बघायचात आणि सुई थोडी हलली की चिडायचात, "काल त गोल होती." लोखंड असं दगा देत नाही म्हणायचात. मी हसायची. पण माझ्या त्या कानाच्या पाळीत तुमच्या बीपीच्या गोळ्या ठेवलेल्या असायच्या, हे मी बघत होते बरं का. दुसऱ्या इतक्या गोल वाट्या होत्या घरात.

आणि मग फणस. रेल्वे क्वार्टर सोडून या पाऱ्यात आपलं घर झालं तेव्हा आईंनी कुंपणाशी लावलेलं झाड. पारा म्हणजे इथली वस्ती, अजूनही मी पत्ता सांगताना अडखळते, आई मात्र इथल्याच झाल्या, आणि त्यांच्या आधी त्यांचा फणस. मागच्या उन्हाळ्याच्या आंधीत तो भिंतीवर आडवा झाला. आई रडल्या नाहीत. टालवाला बातमी लागल्यासारखा आला, त्याला फाटकातूनच परत पाठवलं. मग तुमच्याकडे वळून म्हणाल्या, "तुमाले पायजे ना लाकूड? घ्या." एवढं बोलून आत गेल्या.

आरी चालली आणि आतून असा पिवळाधम्मक गाभा निघाला की आरीवाला भैयाही थांबून बघायला लागला. बाहेर पांढरी कडा, आत हळद. मी आणि तुम्ही हरखून गेलो. पण रायपूरचा मे महिना. वाटी कातावी आणि दोन दिवसांत टिचकन तडा जावा. एकामागून एक फुटत चालल्या. अभनपूरच्या राइस मिलमधून पोतंभर कोंडा आणलात, त्यात पुरून बघितल्या. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्या, त्यांना बुरशी आली. त्यातच मितालीचा मोबाईल कूलरच्या टाकीत पडला आणि तिनं तो तांदळाच्या डब्यात खुपसला. दुसऱ्या दिवशी मोबाईल चालू. तुम्ही तो हातात घेऊन उलटसुलट बघितलात. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"मोबाईल सुकते, त वाटी काहून नाही सुकत?" एवढंच तुम्ही म्हणालात.

पावसाळ्यातला रविवार आठवतो? जेवायला बसलो आणि ताटात भात पिवळा.

मिताली म्हणाली, "वाह दादी, पुलाव बनाया?"

आईंनी ताट जवळ ओढून बघितलं. "पुलाव नोहे. माह्या डब्यात हात कोणं घातला?"

प्रशांतनं माझ्याकडे बघितलं, मी तुमच्याकडे. तुम्ही मान खाली घालून पिवळा भात खात होता. "चांगला त लागून राहिला," म्हणालात. ओल्या फणसाच्या वाटीनं भोवतीचा तांदूळ रंगवून ठेवला होता. पुढच्या पौर्णिमेला विहारात तुम्ही हे भन्तेजींना सांगितलंत, तर ते हसून म्हणाले की पूर्वी भिक्खूंचं चीवर रंगवायला फणसाचंच लाकूड उकळत. बस. तुम्ही छाती फुगवून घरी आलात. "ऐकलं काय? चीवराचा रंग होय तो."

"मंग चीवर रंगवा," आई म्हणाल्या. "माहा तांदूळ काहून रंगवता? आता पुन्हा डब्यात वाटी दिसली, त मशीन भंगारवाल्याले देऊन टाकीन."

आणि त्या देतील अशा आहेत, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं.

मग एक दिवस तुम्ही सांगितलंत की शेवटच्या तुकड्याची वाटीही फुटली. आई भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मी हळहळले, कारण त्या तुकड्यात पिवळ्याच्या मधोमध नारिंगी रंगाची एक लाट होती आणि ती मला फार आवडली होती. तुम्ही माझ्याकडे न बघता चहा मागितलात. फणस संपला, असं आपण सगळ्यांनी धरून चाललो. हिवाळा संपता संपता तुम्हीही गेलात, आणि व्हरांड्यातल्या लेथवर मी जुनी चादर टाकली.

आता पुढचं ऐका, हे तुमच्यासाठीच आहे.

पाहुणे गेल्यावर आई सूप घेऊन तांदूळ निवडायला बसल्या. मी शेजारी जाऊन बसले. मला गप्प राहता येत नाही, तुम्हाला माहीत आहे.

"आई, वाटी डब्यात आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"हव."

"कधीपासून?"

"ठेवली त्याच दिवसापासून. डबा माहा होय. मुंगी शिरली तरी मले समजते."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "काय बोलू? जन्मात एक खोटं बोलले, तेही नीट जमलं नाही त्याईले."

मग हळूहळू सगळं सांगितलं. दिवाळीनंतर अभनपूरहून नवा तांदूळ आला तेव्हा त्यांनी डबा रिकामा केला, घासला, उन्हात वाळवला. वाटी काढून पुसली, पुन्हा तळाशी ठेवली आणि वरून नवा तांदूळ भरला. मी ऐकता ऐकता एकदम उठून उभी राहिले. मामाजी, पोतं उचलून आणून दिलं होतं तुम्हीच. डबा उन्हात उपडा पडलेला तुम्ही बघितला होता. म्हणजे तुम्हालाही कळलं होतं की आईंना कळलं आहे. आणि तरी तुम्ही लपवत राहिलात आणि त्या न बघितल्यासारखं करत राहिल्या. एकाच घरात, एकाच डब्याभोवती, दोघं म्हातारी माणसं महिनोन्‌महिने हा खेळ खेळत होती आणि मी, सगळ्या घराची बातमी ठेवणारी, मला काही पत्ता नाही. मला इतकं हसू आलं. आईंना मिठीच मारली मी, पहिल्यांदाच. त्यांनी सूप सांभाळलं.

"मग आता मी ती पुरी करते," मी म्हणाले. "लेथवर चढवते. बघा कशी निघते."

"नको."

"का?"

"फुटली त?"

ते खरं होतं. काठाला केसासारखी एक रेघ दिसत होती. फणस आपल्याला किती वेळा फसवून गेला. शिवाय आतापर्यंत दरवेळी तुम्ही शेजारी उभे असायचात, पटाशी अडकली तर मोटर बंद करायला. मी तरी वाद घालणार होते, पण आई सुपाकडे बघत म्हणाल्या, "रोज सकाळी तांदूळ काढताना हाताले लागते. त्याईचं आता तेवढंच होय, जे हाताले लागते."

मी गप्प बसले. मिताली म्हणते, दादाजींना हे सांगितलं तर विश्वास बसणार नाही. पण खरंच गप्प बसले. आत जाऊन रडले आणि मग भांडी घासली.

त्यानंतर तो विषय निघाला नाही. ऊन तापायला लागलं. एका सकाळी मी प्रशांतचा जेवणाचा डबा भरत होते तर आई मागे येऊन उभ्या. पदरात वाटी. त्यांनी ती ओट्यावर उलटी आपटली आणि तिच्यातून पिठासारखी बारीक भुकटी पडली.

घुण लागला होता, मामाजी. पांढऱ्या कडेला. बारीक बारीक भोकं. फणसाचा पिवळा गाभा घुण खात नाही, हे तुम्हीच सांगितलेलं, पण कडा गेली की तिथून तडा आत सरकणार. तशीच ठेवली असती तर पावसाळ्यापर्यंत काठ चाळणी झाला असता.

"ठेवली तरी जाते," आई म्हणाल्या. "आता तूच पाह्य."

"आई, फुटली तर?"

"फुटली त मले सांगू नको. सरळ चुलीत घाल." आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. आपल्याकडे चूल नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

प्रशांत म्हणाला, "रहने दे ना रंजना, मां बाद में रोएगी." मी म्हटलं, तू झोप. रविवार होता. लेथवरची चादर काढली. तुमचा चष्मा घातला, तो मला नाकावर घसरतो. पटाशीला धार लावली. मग तुमच्यासारखंच नखानं वाटीला टिचकी मारली. टण् वाजली तर जिती, ठप वाजली तर गेली. टण् वाजली. काठाची रेघ फक्त पांढऱ्या भागातच होती, आत गेली नव्हती. माझी छाती धडधडायला लागली, भीतीनं नाही, तुमच्याबरोबर ओंडका उघडताना धडधडायची तशी.

मोटर सुरू केली. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा घरात तो घरघर आवाज झाला. स्वयंपाकघरातला कुकर, भांडी, सगळं एकदम शांत झालं. आई ऐकत होत्या.

वाटी सुकून चांगलीच लांबट झाली होती. पटाशी टेकवली आणि टक-टक-टक सुरू झालं. भुरकट कीस उडाला, त्याखाली तपकिरी, त्याखाली... मामाजी, पिवळा. इतके महिने तांदळात राहून वरून मेल्यासारखा झालेला फणस आतून तसाच पिवळा. मी एकटीच मोठ्यानं "निघाला" म्हणाले. आणि त्याच आनंदात हात जरा सैल पडला, काठानं पटाशी धरली. खाड्‌कन आवाज. मी मोटर बंद केली. एक कपची उडून भिंतीवर आपटली होती.

आतून आईंचा आवाज आला, "गेली का?"

मी वाटी फिरवून बघितली. उडालेली कपची पांढरी होती, घुणानं खाल्लेली. तसंही तेवढं काढायचंच होतं.

"नाही, आई."

"मंग थांबली काहून?"

मी हसत हसत पुन्हा सुरू केलं. सगळी पांढरी कडा उतरवली. वाटी लहान झाली, ठरवली होती त्याहून लहान, पण टक-टक विरळ होत होत गेलं आणि एका क्षणी आवाज सलग झाला. तुम्ही म्हणायचात ना, कानानं पाह्य. मी डोळे मिटून घेतले. वर बघितलं तेव्हा आई दारात उभ्या. फरशीभर पिवळा कीस. त्यांनी वाकून मूठभर उचलला, नाकाशी धरला आणि पदराच्या टोकात बांधला.

आता रंग सांगते. बुडाशी गर्द पिवळा आणि त्याच्यातून ती नारिंगी लाट, तीच, तुमच्या-माझ्या आवडीची, एका बाजूनं चढून काठापर्यंत गेलेली. जवसाचं तेल चोळलं तेव्हा ती आणखी उठून आली. मितालीनं इतके फोटो काढले की शेवटी मी वाटी तिच्या हातातून काढून घेतली.

मग तुमचा डायल लावला. सुई जागची हलली नाही. गोल म्हंजे गोल. या वेळी मी तुमच्याच रीतीनं केली, पुरती तुमच्या रीतीनं, आणि शप्पथ सांगते, मला तुमचं म्हणणं मान्य करावंसं वाटलं. पण रोज ऊन वाढतंय. काही दिवसांनी गंमत म्हणून पुन्हा डायल लावला. हलली, मामाजी. केसभरच, पण हलली. इतकी सुकवून, दोनदा कातून, शेवटी लाकडानं आपल्या मनाचं केलंच. मी डायल हातात घेऊन व्हरांड्यातून ओरडत आत निघाले तुम्हाला दाखवायला, आणि तुमच्या खाटेपर्यंत जाऊन थांबले. जिंकल्यावर इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "डायल खराब आहे."

लेथवर आता चादर नाही. टालवाल्या भैयाला सांगून ठेवलं आहे, रंगाचं काही आलं तर फोन कर. काल तो म्हणत होता, चिंचेचा एक ओंडका आलाय, तोंड काळपट आहे. मी स्कूटरवर जाऊन येणार आहे. पाण्याची बाटली घेऊन.

आणि ती फणसाची वाटी. आईंना उपयोग सापडला. तांदूळ मोजायचा जो प्लॅस्टिकचा फुटका ग्लास होता तो त्यांनी फेकून दिला. आता मापाला हीच. काठोकाठ भरली तर पाच जणांना पुरेल एवढा तांदूळ तिच्यात मावतो, आता चौघांचाच घ्यायचा, म्हणून काठापासून थोडी कमी भरतात. पण मोजून झाल्यावर ती तांदळावर ठेवत नाहीत. हात कोपरापर्यंत घालून पार तळाशी खुपसतात, आधी होती तिथेच, आणि सकाळी पुन्हा चाचपत बसतात. गुडघे दुखतात, वाकवत नाही, तरी. आज मी न राहवून म्हटलंच, "आई, वरच ठेवत जा ना. लगेच हाताला लागेल."

त्या डब्यात वाकलेल्याच होत्या. हात तांदळात.

"वर ठेवली," त्या म्हणाल्या, "त मंग हुडकू काय?"